थाइम : खडकाळ रानातले सुगंधी झुडूप

चिमूटभर ओवा तळहातावर चोळून हुंगला म्हणजे जो उग्र वास येतो, त्याच जातीचा वास दक्षिण फ्रान्समधील चुनखडीच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात चालताना पायाखालून येतो. तेथे ओवा नसतो. असते ते थाइम नावाचे वीतभर उंचीचे झुडूप. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, थाइम तुळशीच्या कुळातले. परंतु दोहोंच्या तेलात सामान्यतः थायमॉल हेच द्रव्य प्रमुख असते.

१७१९ साली कास्पार नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने थाइमच्या तेलातून या द्रव्याचे स्फटिक वेगळे केले. द्रव्यास नाव थाइमचे मिळाले. पण पुढे ते मोठ्या प्रमाणावर काढू लागले ते आपल्या ओव्यापासून. १९१४ च्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीस जाई आणि तेथे त्यातून थायमॉल निघे.

आता लागवडीकडे वळू. हे झुडूप चिवट का, हे त्याच्या पानावरूनच कळते. पान तांदळाच्या दाण्याएवढे, कडा खाली वळलेल्या, खालच्या अंगाला बारीक लव. त्यामुळे पानातले पाणी सहजी उडून जात नाही. ऊन, वारा, दुष्काळ, इतकेच काय हिवाळ्यातले दहिवरही ते सोसते. सोसत नाही ते एकच : मुळाशी साचलेले पाणी. इंग्लंडात देखील ते थंडीपेक्षा ओलीनेच अधिक दगावते. खत फार घातले, तर वाढ लुसलुशीत होते आणि वास मात्र उतरतो.

आपल्याकडे म्हणूनच त्याची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. काळ्या चिकण जमिनीत ते कुजेल. बुडास भोक असलेली कुंडी घ्यावी, मातीत निम्मी जाड वाळू वा बारीक खडी मिसळावी, आणि पावसाळ्यात कुंडी उजेडाच्या पण पागोळ्या न पडणाऱ्या जागी ठेवावी. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे. बहर ओसरल्यावर शेंडे छाटावेत; मात्र खालच्या निष्पर्ण जून लाकडाला कात्री लावू नये, तेथून सहसा नवी फूट येत नाही. तीन-चार वर्षांत झुडूप जून होते. तत्पूर्वी कोवळ्या फांदीचे कलम करून नवे रोप तयार ठेवावे.

फ्रेंच गृहिणी थाइमची काडी इतर सुगंधी पानांबरोबर दोऱ्याने बांधून रश्शात सोडते आणि वाढण्यापूर्वी काढून घेते. वाळली तरी ही पाने वास टिकवतात. बटाट्याच्या भाजीत वा डाळीत आपणही ती ओव्यासारखी, बेताने वापरावीत.

येथे एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. स्वयंपाकातले पान निराळे आणि बाटलीतले अर्क-तेल निराळे. अमेरिकेत १९०९ ते १९१४ या काळात अंकुशकृमींवर थायमॉल देत. तेव्हा रोग्यास तेल-तूप व मद्य वर्ज्य असे, कारण त्यांत थायमॉल विरघळून अंगात भिनते आणि विषबाधा होते. तेव्हा घरगुती औषध म्हणून हे तेल कोणी पोटात घेऊ नये.

रोप लावावयाचे ते दसऱ्यानंतर. पुढचा सगळा हिवाळा त्यास मुळे धरावयास मिळतो, आणि येत्या वसंतापर्यंत चिमूटभर पाने खुडण्याजोगी होतात.