मनोविकार आणि गुन्हा : विधिशिक्षणातील एक पाठ

बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ साली सुरू झाले. बेळगाव-निपाणी भागातील विधिविद्यार्थ्यांना फौजदारी कायद्यातील एक पाठ विशेष काळजीने समजावून द्यावा लागतो. मनोरुग्ण हा गुन्हेगारच असतो, हा समज निराधार; डॉक्टरांचा दाखला मिळाला की आरोपी सुटतो, हाही तितकाच. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम २२, एवढेच पाहते की, कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्याचे स्वरूप, अथवा ते गैर वा बेकायदा आहे हे जाणण्यास ती व्यक्ती असमर्थ होती काय. सिद्धतेचा हा भार आरोपीवर असला, तरी फिर्यादी पक्षाइतका जड नसतो. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या हातून १९९४ साली पत्नीचा मृत्यू घडला. छिन्नमनस्कतेसाठी त्याच्यावर आधीपासून उपचार झाले होते. घटनेपूर्वीची व नंतरची परिस्थिती तपासून सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याची शिक्षा रद्द केली. रुग्णालयाचे जुने कागद घरच्यांनी का जपावेत, हे यावरून कळावे. अशी सुटका म्हणजे मोकळीक मात्र नव्हे. कृत्य त्या व्यक्तीनेच केले असल्यास न्यायालय तिला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा किंवा हमी घेऊन आप्तांच्या स्वाधीन करण्याचा आदेश देते.