शहराचे पाणी व शहराबाहेरील डोंगर

घरातील नळास पाणी आले म्हणजे ते कोठून आले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते आले नाही म्हणजे मात्र येतो. नगर शहरापुरते त्याचे उत्तर असे आहे. राहुरी तालुक्यातील मुळा धरणाच्या जलाशयातून मुळानगर येथे पाणी उपसतात, ते विळदला व तेथून वसंत टेकडीवरील टाक्यांत चढवितात, आणि मग ते गल्लोगल्ली पोहोचते. म्हणजे आपल्या तहानेचा सारा भार दूरच्या एका धरणावर आणि विजेच्या पंपांवर आहे. वीज खंडित झाली की घरोघरचे हंडे रिकामे, हा अनुभव पालकांस नवा नाही.

पूर्वी असे नव्हते. अहमद निजामशहाने 1490 साली सीना नदीकाठी हे शहर वसविले. प्रदेश पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा, आणि सीना ही पावसाळ्यापुरतीच नदी. तेव्हा कपूरवाडी, वडगाव, शहापूर अशा भोवतालच्या गावांजवळ, जेथे डोंगरउतारावर मुरलेले पाणी जमिनीत सापडते, तेथे विहिरी खोदून ते भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात आणिले. यांसच खापरी नळ म्हणतात. नळाभोवती चुन्याचे पक्के बांधकाम असे व उतार इतका अल्प की पाणी आपल्याच वजनाने चालत येई. ना मोट, ना पंप. फराहबागेच्या महालाभोवतीचा विस्तीर्ण हौदही अशाच नळांच्या पाण्याने भरत असे. या रचनेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. पण सगळी स्तुती नळांच्या वाट्याला येते आणि डोंगराच्या वाट्याला काहीच येत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. कारण नळ पाणी वाहतो, निर्माण करीत नाही.

ते कसे, हे विद्यार्थिमित्रांनी नीट ध्यानात घ्यावे. ज्या भूमीवर पडलेला पाऊस उताराने एकाच ओढ्यास, तलावास वा नदीस मिळतो, त्या सर्व भूमीस त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. कौलारू छपराचे पाणी पन्हळीत जमते, तसेच हे समजावे. भेद इतकाच की कौल पाणी पीत नाही, डोंगर पितो. गवताच्या मुळांनी व पाल्यापाचोळ्याने जमीन सच्छिद्र राहिली तर पाऊस हळूहळू आत जिरतो आणि महिनोगणती झऱ्यांतून बाहेर येत राहतो. तोच उतार उघडा पडला, मुरुमासाठी खणला गेला किंवा सिमेंटने झाकला गेला, तर तोच पाऊस तासाभरात माती घेऊन धावत सुटतो: ओढ्यास पूर, तलावात गाळ, आणि फाल्गुनात विहीर कोरडी.

म्हणूनच तलाव राखावयाचा तर त्याचे पाणलोट राखावे लागते. याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. 1854 च्या उन्हाळ्यात तेथे पाण्याचा भयंकर तुटवडा पडला. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणे साष्टीच्या डोंगरात विहार तलाव बांधून 1860 साली पुरा झाला. तुळशी तलाव 1879 साली झाला. पिण्याचे पाणी निर्मळ राहावे म्हणून तलावांभोवतीचे रान वस्तीपासून मोकळे ठेविले गेले. स्वातंत्र्यापूर्वी कृष्णगिरी नावाचे लहानसे राष्ट्रीय उद्यान, सुमारे 20 चौरस किलोमीटरांचे, येथेच स्थापन झाले होते. 1969 साली लगतची राखीव वने त्यास जोडण्यात आली व पुढेही विस्तार होत गेला. 1996 पासून ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाते. आज त्याचा विस्तार सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे. शेजारच्या आरे वसाहतीतील सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करण्याचे शासनाने 2020 साली जाहीर केले. वृक्षतोडीविरुद्ध नागरिकांनी दीर्घकाळ आवाज उठविला नसता, तर हे घडले असते असे मला वाटत नाही.

मुंबईच्या एकंदर पाण्यात या दोन तलावांचा वाटा आज अगदी अल्प आहे, हे खरे. मग एवढे रान कशास, असे कोणी विचारील. त्यास मिठी नदीचे उदाहरण सांगावे. विहार व पवई तलावांचे ओसंडलेले पाणी मिठीस मिळते. वरचा डोंगर बव्हंशी राखला गेला, पण खालचे पात्र भराव व बांधकामांनी आवळले गेले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याने आपली जागा परत मागितली व शेकडो माणसे प्राणांस मुकली. वरचे अरण्यही नसते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

इतका पाऊस आपल्याकडे पडत नाही, हे उत्तर पुरेसे नाही. थोडका पाऊस असणाऱ्याने तर थेंब अधिक जपावा. नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. 1989 च्या सुमारास पोपटराव पवार तेथील सरपंच झाले. गावाने डोंगरावर समपातळी चर खणले, झाडे लाविली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, शेतीसाठी विंधनविहिरी घेणे वर्ज्य केले. आणि दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडून पिके ठरविण्याची रीत घातली. डोंगर हिरवा झाला व विहिरींस पाणी आले. खेड्याने केले ते शहरास अवघड आहे, कारण शहराचे पाणलोट बहुधा शहराच्या हद्दीबाहेर आणि अनेकांच्या मालकीचे असते.

तथापि आपल्या हाती एक गोष्ट आहे. शहराच्या पाण्यासाठी इंग्रजी अमदानीत बांधलेला पिंपळगाव माळवी तलाव व त्याची विस्तीर्ण जमीन महापालिकेच्या मालकीची आहे. मुळेचे पाणी मिळू लागल्यापासून या तलावाकडे लक्ष उरले नाही, आणि मोकळी जमीन दिसली की तिचा काही अन्य उपयोग सुचविणारे पुढे येतातच. माझ्या मते प्रथम त्या जमिनीच्या सीमा मोजून खुणा पक्क्या कराव्यात. मग तलावाच्या वरचे उतार गवत व देशी झाडांसाठी राखावेत, आणि लगतची पडीक जमीन सवडीने खरेदी करून त्यास जोडावी. बाभूळ, कडुनिंब, हिवर ही आपल्या मातीतली झाडे त्यास पुरे आहेत. शोभेच्या विदेशी झाडांस पाणी घालीत बसण्याचे कारण नाही. तेथे मुलांस हिंडावयास, पक्षी पाहावयास मोकळीक असावी, पण हॉटेले व दुकाने नसावीत. सीनेच्या दोन्ही काठांची मोजणीही याच कामाबरोबर व्हावी, कारण शहरातून जाताना ती ठिकठिकाणी भराव व अतिक्रमणांनी अरुंद झाली आहे, आणि पात्र कोठवर होते हे सांगू शकणारी वृद्ध माणसे अजून हयात आहेत.