फरशी निवडताना घरातली पावले आठवा

सोयाबीनचे पैसे हाती आले, की घराचे काम निघते. भगिनींनो, हल्ली नव्या घरात पहिली मागणी असते ती २ बाय २ फुटी, पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइलची. दिसायला ती सुंदर, यात शंका नाही. दर आठवड्याचे सारवणही वाचते. पण पैसे मोजण्यापूर्वी एक विचार करा. या फरशीवर चालणार कोण?

शेतातून ओल्या पायांनी येणारे घरधनी, पावसातून धावत येणारी मुले आणि पहाटे अंधारात उठणाऱ्या सासूबाई! व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही. सांडलेले पाणी वरच राहते आणि पाय सटकतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

म्हणून चकचकीत टाइलची हौस बैठकीच्या खोलीपुरतीच ठेवा. ओसरी, मोरी व न्हाणीघरात खरखरीत मॅट टाइल किंवा पॉलिश न केलेली शहाबादी लावा. मोरीला फुटामागे पाव इंच उतार द्यायला गवंड्याला बजावून सांगा, म्हणजे पाणी साचणार नाही. दाराशी जाड पायपुसणे असू द्या.

दुकानात नमुन्याच्या टाइलवर थोडे पाणी टाकून तळपाय घासून पाहा, लाजू नका. आणि पसंतीला जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. फरशी त्यांच्याही पायांखालची आहे.