पेट्रोल संपायच्या आत

शर्यतीच्या व्हिडिओ गेमचा इतिहास १९७४ सालापासून सांगतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याला खरं स्टिअरिंग होतं, पायाखाली पेडल होती, गिअरचा दांडा होता. पडद्यावर मात्र ठिपक्यांनी आखलेला रस्ता आणि त्यावर एक चिमुकली गाडी, एवढाच संसार. १९७६ मध्ये ‘नाइट ड्रायव्हर’ने खेळणाऱ्याला थेट चालकाच्या जागी बसवलं, काळ्या पडद्यावर अंगावर येणारे पांढरे खांब म्हणजे रस्ता. १९८२ मध्ये जपानच्या नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ने फुजीचं खरं सर्किट पडद्यावर आणलं आणि शर्यतीआधी पात्रता फेरी द्यायला लावली.

हा झाला जगाचा इतिहास. आमच्या आमगावचा इतिहास या सालांनी लिहिता येत नाही. गोंदियाहून पूर्वेला निघालेली हावडा मार्गावरची गाडी डोंगरगडकडे जाताना जिथे थांबते, संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ज्याच्या शेजारी आहे असं मानलं जातं, ते हे धानाचं गाव. इथे खेळ आले ते जन्मसालाच्या क्रमाने आले नाहीत. ज्या दारातून वाट मिळाली त्या दारातून आले. १९८४चा जपानी खेळ नव्वदीत आला, १९९६चा अमेरिकी खेळ एकविसाव्या शतकात. म्हणून हा आढावा जन्मसालांऐवजी आगमनाच्या क्रमाने घेतो आहे.

एक कसोटीही आधीच सांगून टाकतो. शर्यतीच्या खेळाचं कौतुक बहुतेकदा त्याच्या वेगावरून किंवा चित्रांच्या खरेपणावरून होतं. मला हे पटत नाही. पडद्यावर वेग दाखवणं सोपं आहे, चित्रं सरकवली की झालं. खेळ उभा राहतो तो टंचाईवर. पेट्रोल कमी, वेळ कमी, जागा कमी, पैसा कमी, टायरची पकड कमी. ज्याने नेमकी टंचाई निवडली, तो खेळ टिकला.

मंडईतला डबा, टीव्हीतली गाडी

दिवाळी सरली की पूर्व विदर्भात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार किंवा नाटक, दिवसा खेळण्यांची आणि खाऊची दुकानं. नव्वदच्या दशकात या दुकानांत हातात मावणारा ‘ब्रिक गेम’ दिसू लागला. डब्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असे. प्रत्यक्षात मोजके खेळ आणि त्यांचीच वेगवेगळी रूपं. विटा रचण्याच्या खेळाशेजारी एक शर्यत असे. चौकोनी ठोकळ्यांची गाडी, समोरून येणाऱ्या तशाच गाड्या, आणि डावीकडे की उजवीकडे एवढाच प्रश्न. शेवटची रेषा नव्हती, नंबर नव्हता. वेग वाढत जायचा आणि विचार करायला वेळ उरायचा नाही. टंचाई क्षणाची होती. पडद्यावर रंगाचा ठिपकाही नसताना तळहाताला घाम आणणारा हा खेळ माझ्या यादीत पहिल्या पाचांत राहतो.

त्यानंतर आला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. जपानच्या निन्तेंदो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला भारतभर नाना नावांनी विकल्या जात. त्यात घालायच्या ठोकळ्याला आपल्याकडे ‘कॅसेट’ म्हणायचे. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ असत आणि शर्यतीचे तीन हमखास सापडत: ‘एफ-१ रेस’, ‘एक्साइटबाइक’ आणि ‘रोड फायटर’.

‘एफ-१ रेस’ १९८४चा. त्याच्या प्रोग्रामिंगवर काम केलेला सातोरू इवाता हा तरुण पुढे २००२ मध्ये निन्तेंदोचा अध्यक्ष झाला. खेळ नेटका, पण मनात घर करणारा नाही. ‘एक्साइटबाइक’ही १९८४चाच, मारिओच्या जनकाचा, म्हणजे शिगेरू मियामोतोचा. त्याची कल्पना आजही ताजी वाटते. जास्त वेग देणारं बटण दाबून ठेवलं की मोटारसायकलचं इंजिन तापतं आणि फार तापलं की गाडी बाजूला उभी राहते. म्हणजे वेग तुमच्या हातात, पण उधारीवर. शिवाय स्वतःचा मार्ग आखायची सोयही त्यात होती.

तरी राजा होता ‘रोड फायटर’. कोनामीचा हा खेळ १९८४ मध्ये आधी नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत आणि पुढच्या वर्षी फॅमिकॉमवर आला. वरून दिसणारा रस्ता, लाल गाडी, ताशी ४०० किलोमीटरपर्यंत चढणारा आकडा आणि कडेला सतत घटणारं पेट्रोल. रंगीबेरंगी गाडीला स्पर्श केला की थोडं पेट्रोल मिळायचं, दुसऱ्या गाडीला धक्का लागला की आपली गाडी घसरायची. घसरताना उलट दिशेला बटण दाबून ती सावरण्यात सगळी करामत होती. इथे शत्रू समोरचा नाही, टाकी आहे. चार मार्ग, तोच रस्ता, तीच वळणं. तरीही पुन्हा खेळावंसं वाटायचं, कारण पेट्रोल संपायच्या आत पोहोचण्याची गोष्ट कधी जुनी होत नाही. भारनियमनाच्या दिवसांत तर पडद्याबाहेरही दुसरी टाकी असायची. वीज जायच्या आत शर्यत संपवायची.

या काळातला एक मोठा खेळ आमच्या वाट्याला आला नाही. सेगाचा ‘आउट रन’, १९८६, कर्ता यू सुझुकी. समुद्रकाठचा रस्ता, उघडी फेरारी, प्रवासाआधी स्वतः निवडायचं संगीत आणि प्रत्येक टप्प्याअखेर दोन फाटे. पाच टप्प्यांत प्रवास संपतो, पण फाट्यांमुळे शेवट पाच वेगवेगळे. टंचाई वेळेची, घड्याळ शून्यावर आलं की रस्ता कितीही सुंदर असो, गाडी थांबते. फार उशिरा, संगणकावर जुने खेळ चालवता येऊ लागले तेव्हा तो भेटला आणि पटला. प्रवासाचा आनंद देणारा इतका चांगला शर्यतीचा खेळ पुन्हा क्वचितच झाला.

संगणकाची खोली

२००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांत संगणकाचे वर्ग वाढले. पाठोपाठ नेट कॅफे आले. सरावाच्या तासाला उघडलेल्या खिडकीमागे दुसरी खिडकी असे आणि तिच्यात ‘रोड रॅश’. मूळ खेळ १९९१चा, सेगाच्या यंत्रावरचा. आपण खेळलो ती १९९६ची विंडोजवरची आवृत्ती. एका फोल्डरात मावणारा, एका संगणकावरून दुसऱ्यावर सहज जाणारा हा खेळ विकत घेतलेला कुणी मला तरी भेटलेला नाही.

नियम एका वाक्याचे. मोटारसायकल पळवा, शेजारच्याला लाथ घाला, त्याच्या हातातली साखळी किंवा दांडका हिसकावून त्यालाच हाणा, पोलिसाच्या हाती लागू नका. मागे रॉक बँडची खरी गाणी. इथे जागेची टंचाई आहे. रस्ता अरुंद, समोरून येणारी वाहनं खरोखर समोरून येणारी आणि बाजूचा गडी कधी साखळी फिरवेल याचा नेम नाही. पडलात की धावत जाऊन आपली गाडी उचलायची, तेवढ्यात बाकीचे पुढे. पहिला येणं महत्त्वाचं, पण ज्याने आपल्याला पाडलं त्याला गाठणं जास्त महत्त्वाचं. म्हणून हा खेळ बघायलाही मजा यायची. खेळणारा एक आणि खुर्चीमागे सल्लागार पाच, असा तो सार्वजनिक खेळ होता.

त्याच खोल्यांत ‘नीड फॉर स्पीड’ होता. या मालिकेचा पहिला खेळ १९९४ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी मोटार मासिकाच्या सहकार्याने झाला. तेव्हा भर गाड्यांच्या खऱ्या वागणुकीवर होता. २००३च्या ‘अंडरग्राउंड’ने रात्रीची शहरं, निऑन आणि गाडी नटवण्याचा शौक आणला. २००५चा ‘मोस्ट वाँटेड’ मात्र या मालिकेचं शिखर. सुरुवातीलाच खलनायक तुमची बीएमडब्ल्यू बळकावतो आणि ती परत मिळवायला पंधरा जणांची यादी खालून वर चढावी लागते. गंमत शर्यतींपेक्षा पोलिसांच्या पाठलागात आहे. जितका दंगा जास्त, तितके पोलीस जास्त. पाण्याची टाकी पाडून त्यांच्या गाड्या अडवायच्या आणि शेवटी कुठे तरी श्वास रोखून लपून बसायचं. वेगाच्या खेळात स्थिर उभं राहण्याचे काही सेकंद सर्वात कठीण असावेत, ही हुशारी त्या रचनाकारांची.

सोनीच्या प्लेस्टेशनवरचा ‘ग्रान टुरिस्मो’ मोठ्या शहरांत चुलतभावांकडे बघायला मिळायचा. काझुनोरी यामाउची आणि त्याच्या चमूने पाच वर्षं खपून तो १९९७ मध्ये आणला आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यात टंचाई पैशाची आणि परवान्याची. आधी ब्रेक कुठे मारायचा याची परीक्षा, मग परवाना, मग थोड्या पैशांत जुनी गाडी, मग जिंकून जिंकून नवी. मध्यमवर्गीय घराला एवढा ओळखीचा वाटणारा शर्यतीचा खेळ दुसरा नाही.

खिशातली शर्यत

खरा बदल नोकियाच्या छोट्या फोनने केला. ‘ग्रॅव्हिटी डिफाइड’ हा २००४चा स्वीडिश खेळ काही किलोबाइटचा, ब्लूटूथने एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारा. पांढऱ्या पडद्यावर रेषेचा रस्ता, रेषांचीच मोटारसायकल, रेषांचाच स्वार. अंग पुढे टाकायचं की मागे, एवढंच ठरवायचं. प्रतिस्पर्धी नाही, शत्रू नाही, टंचाई तोलाची. एकेका चढावर बोटं दुखेपर्यंत अडकून पडायचं. माझ्या मते मोबाइलवर झालेला हा सर्वोत्तम शर्यतीचा खेळ आहे.

त्याचा रंगीत वारस २०१२ मध्ये फिनलंडच्या औलू शहरातून आला. टोनी फिंगररूस या तरुणाच्या ‘हिल क्लाइंब रेसिंग’ला दोनच पेडल, एक टेकड्यांचा रस्ता आणि अंतराअंतरावर ठेवलेले पेट्रोलचे कॅन. ‘रोड फायटर’ची जुनी टाकी इथे पुन्हा भेटली. हा खेळ इंटरनेटशिवाय चालायचा, म्हणून जिओच्या आधीच्या काळात, रेंज येते-जाते अशा गावांतही तो रुजला. २०१३चा ‘डॉ. ड्रायव्हिंग’ त्याहून वेगळा. गर्दीत लेन सांभाळा, गाडी नीट पार्क करा, धक्का लागू देऊ नका. शर्यतीच्या खेळात संयमाला गुण देणारा हा दुर्मीळ नमुना. रहदारीच्याच वर्गात तुर्कस्तानच्या सोनेर काराचा ‘ट्रॅफिक रायडर’ येतो. गाड्यांच्या जितक्या जवळून जाल तितके गुण जास्त. खेळ उत्तम, शिकवण वाईट.

गेमलॉफ्टची ‘अस्फाल्ट’ मालिका २००४ पासून चालू आहे. चित्रं डोळे दिपवणारी. पण फुकट खेळाच्या या जगात टंचाई खेळाची राहिली नाही, दुकानाची झाली. गाडी सुधारायची तर थांबा किंवा पैसे भरा. पेट्रोल संपणं हा खेळ आहे. पेट्रोल संपल्यावर पाकीट उघडायला लावणं हा धंदा आहे.

सगळं खरं, पण कुठलं?

आज खरेपणाची हद्द गाठली गेली आहे. ‘आयरेसिंग’ने २००८ पासून लेझरने मोजलेली सर्किटं आणली, इटलीच्या ‘असेटो कोर्सा’ने २०१४ मध्ये टायरची पकड हाताला जाणवून दिली. २०२०च्या टाळेबंदीत फॉर्म्युला वनचे चालक घरात बसून पडद्यावर शर्यती करत होते. या खेळांना स्टिअरिंग, पेडल आणि दमदार संगणक लागतो. आमगावच्या बहुतेक घरांसाठी ते अजून यूट्यूबवर बघायचे खेळ आहेत. भारताचा एक तुकडा मात्र या जगात आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली, पण त्या वर्षांच्या अधिकृत खेळांत ते सर्किट कायमचं शाबूत आहे.

आपल्या मुलांनी ‘आपलं’ मिळवायची वेगळीच वाट काढली. २०१७चा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ बसला हवा तो रंग देऊ देतो. तेवढी फट पुरली. इंडोनेशियाच्या रस्त्यांवर एसटीची लालपरी धावू लागली. ही शर्यत नव्हे, पण ‘अस्फाल्ट’च्या लॅम्बॉर्गिनीपेक्षा या लाल बसमध्ये मुलं जास्त रमताना दिसतात.

मग इथला शर्यतीचा खेळ कसा असेल? सामग्री तयार आहे. आपल्या भागाची खरी शर्यत म्हणजे बैलांचा शंकरपट. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. प्राण्यांना त्रास न देता पट अनुभवायचा तर पडद्याइतकी चांगली जागा नाही. पण बैलांना टर्बोचं बटण लावून हा खेळ होणार नाही. दोन जिवांची चाल सारखी नसते. एक बुजतो, एक ओढतो, आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हाती काही सेकंदच असतात. इथली टंचाई जोडीच्या मेळाची असेल. पन्नास वर्षांच्या या खेळांत पेट्रोल, वेळ, जागा, पैसा, तोल हे सगळं वापरून झालं. मेळाची टंचाई वापरलेला गाजलेला खेळ माझ्या यादीत अजून एकही नाही. तो बनवायला मोठी कंपनी लागेलच असं नाही. ‘ग्रॅव्हिटी डिफाइड’ काही रेषांत उभा राहिला होता. पट बघत वाढलेल्या आणि प्रोग्रामिंग शिकलेल्या आमच्या मुलांपैकी कुणी तरी हे काम हाती घ्यावं. यादीतली ती जागा मी रिकामी ठेवली आहे.