वेळ टळली, की माणूस वाचतो

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण सहज म्हणून जातो. ही वेळ माणसाला प्रयत्नपूर्वक टाळता येते का? आपल्या शेजारच्या श्रीलंकेने या प्रश्नाचे उत्तर शोधले, आणि तेही युद्धाच्या धामधुमीत.

श्रीलंकेतील यादवी युद्ध 1983 मध्ये पेटले आणि मे 2009 मध्ये संपले. त्या काळात 1995 साली तेथे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 47 आत्महत्या झाल्या. जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी हे एक होते. युद्ध चालू आहे, माणसे मरत आहेत, मग दुसरे काय होणार, असे कोणालाही वाटेल. पण 2005 पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आले. तेव्हा युद्ध संपलेले नव्हते. पुढे संशोधकांनी 1975 ते 2005 या वर्षांचे आकडे तपासले. युद्धाचा जोर, बेकारी, दारूचा खप, घटस्फोट यांपैकी कशानेही ही घट समजावता येईना.

मग घडले काय? तेथील शेतकऱ्याच्या घरात, आपल्याकडे असते तसेच, फवारणीचे औषध असे. सरकारने 1995 मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, 1998 मध्ये आणखी एका घातक औषधावर, आणि 2008 ते 2011 या काळात आणखी तीन औषधांवर. विष घेणाऱ्यांची संख्या लगेच कमी झाली नाही. रुग्णालयात येणारे रुग्ण उलट वाढले. पण त्यातून वाचणारे कितीतरी वाढले. वीस वर्षांत सुमारे 93 हजार जीव वाचले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बंदीमुळे पीक घटल्याचेही दिसले नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारा कायदाही तेथे 1998 मध्ये रद्द झाला.

तीस वर्षांच्या व्यवसायात ‘औषध घेतलेले’ अनेक रुग्ण मी पाहिले. शुद्धीवर आल्यावर त्यांतले बरेच जण एकच सांगतात, “डॉक्टरसाहेब, त्या वेळी काही सुचलंच नाही.” भांडण, अपमान, सावकाराचा तगादा, दारूची नशा, तिरमिरीत हात समोरच्या बाटलीकडे जातो. तो अर्धा-पाऊण तास टळला, तर पुष्कळदा आयुष्य वाचते.

विष दूर केल्याने मनाची जखम मात्र भरत नाही. युद्ध संपल्यावर 2009 मध्ये जाफना जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा पाचांतील एकाहून अधिक जणांना नैराश्याची लक्षणे होती, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना चिंतेची. डॉ. दया सोमसुंदरम यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ युद्धाच्या काळातही जाफन्यात काम करीत राहिले. ‘सुमित्रयो’ ही संस्था 1974 पासून दुःखी माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम करते. विष दूर ठेवणे आणि माणसाजवळ बसणे, ही दोन्ही कामे लागतात.

वाचकहो, आपल्याकडे युद्ध नाही. पण फवारणीचे औषध आहे, कर्ज आहे, अबोल माणसेही आहेत. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. औषध फवारणीपुरतेच आणा, उरलेले घरात ठेवू नका. श्रीलंकेत खेड्यापाड्यांत कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. नुसत्या पेट्यांनी विष घेण्याचे प्रमाण घटले नाही. घरातले कोणी गप्प झाले, झोपेनासे झाले, निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मन मोकळे होते. अशा माणसाला एकटे सोडू नका.

कोणी विष घेतलेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. पोलिसांच्या भीतीने वेळ घालवू नका. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते. त्याच्यावर उपचार करणे व त्याला आधार देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

मन फार जड झाले असेल, तर 14416 या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. तापासाठी येता, तसेच यासाठीही या.