निफाडची थंडी आणि जनरेटरचं ऑइल

सकाळी ६. जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि माझा फोन वाजायला लागतो. “मिस्त्री, सेल्फ जड फिरतोय. थंडीचं पातळ ऑइल टाकू का?” दर हिवाळ्यात पहिला संशय ऑइलवरच.

७:३०. पॅकहाऊस. द्राक्षं प्रीकूलिंगला लावायची आहेत, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर साचलाय. तो घासून काढला, वायर आवळली, डीजी सुरू. ऑइल १५डब्ल्यू-४०, तेच राहू दे म्हटलं. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंड इंजिन फिरवताना १५डब्ल्यू किती जड जातं, याची चाचणी उणे २० अंशांना होते. निफाडची थंडी त्याच्या खिजगणतीतही नाही. पुढचा ४० हा १०० अंशांना तेल किती दाट राहतं त्याचा. हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरं ही सवय सिंगल ग्रेडच्या काळातली. तेव्हा ती बरोबरच होती. लेहला डीजी न्यायचा असेल तर ५डब्ल्यू-४० चं बोलू.

११. एका कोल्ड स्टोअरेजवर सर्व्हिस. आधी इंजिन दहा मिनिटं चालवलं, मग ड्रेन प्लग काढला. गरम तेल गाळ घेऊन उतरतं.

१. भाकरी.

२. मंगल कार्यालय. “वर्षभरात डीजी चाललाच कुठं? ऑइल नवंच आहे,” मॅनेजर म्हणाले. झाकण उघडून दाखवलं, आतून पांढरट साय. पावसाळ्यात दमट हवा, त्यात मोठा डीजी लावायचा आणि चार दिवे पेटवायचे. इंजिन नीट तापत नाही, आतलं पाणी उडत नाही, न जळलेलं डिझेल तेलात उतरतं. कूलंट पूर्ण भरलेलं होतं, म्हणजे हेड गॅस्केट ठीक. तास भरोत न भरोत, वर्षाला तेल बदला. माझ्या मते आपल्याकडे खरा ऋतू हाच, पावसाळा.

४:३०. रसवंतीवाल्या काकांचा छोटा पेट्रोल जनरेटर. इथं मात्र ऋतूचा प्रश्न रास्त आहे. रेडिएटर नाही, सगळं हवेवर. पोटात जेमतेम लिटरभर तेल. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात: १०डब्ल्यू-३० आणि साधं एसएई ३०. उन्हाळ्यात दिवसभर लोडवर १०डब्ल्यू-३० जास्त पितो, तेव्हा ३० बरं. पण तेच ३० आजच्यासारख्या पहाटे दोरी ओढून खांदा उतरवील. “होळीपर्यंत १०डब्ल्यू-३०, मग ३०,” असं डब्यावर खडूनं लिहून दिलं. आणि रोज डिपस्टिक बघा, दोन खुणांच्या मध्ये. “वरपर्यंत भरलं तर जास्त टिकंल ना?” नाही काका, फेस होतो, धूर मारतो.

७. दुकान. शेजारचे अण्णा कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल मागायला आले. दिलं नाही, ते रिसायकलिंगवाल्याकडे जातं. अण्णा रुसले, उद्या त्यांच्याच मोटारीचं काम आहे.