मोजणीच्या रात्री तुम्ही कुठे होता?

जनगणनेच्या अहवालातला एकूण लोकसंख्येचा आकडा मला सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. तो वर्तमानपत्रात छापून येतो, स्पर्धा परीक्षेची मुलं तो पाठ करतात, आणि दहा वर्षांनी तो शिळा होतो. खरी गंमत असते मागच्या पानांवर, बारीक टायपातल्या जन्मस्थळाच्या तक्त्यात. माणूस जन्मला कुठे आणि मोजणीच्या वेळी सापडला कुठे, एवढंच त्यात असतं. या तक्त्यांचा मला जुना नाद आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला तो लागला नाही तरच नवल. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस 'मुंबईला असतो', आणि तरीही तो गावचाच असतो.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. 1861 साली तिथली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांवर तुटून पडली. दक्षिणेचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद, बॅकबेचे शेअर वगैरे कथा सर्वांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला रस आहे 1864 च्या शिरगणतीत. मुंबईची ती पहिली पद्धतशीर मोजणी, आणि तिच्यात भरली 8 लाख 16 हजार 562 माणसं. पुढच्या वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरचे कागद रद्दी झाले. 1872 ला पुन्हा मोजलं, तर माणसं उरली 6 लाख 44 हजार 405. पावणेदोन लाख माणसं आठ वर्षांत गेली कुठे? रोगराईने काही गेली असतील, पण बहुतेक जण जिथून आले होते तिथे परतले असणार. म्हणजे रत्नागिरीला, साताऱ्याला, घाटावर.

1881 च्या तक्त्यात हे स्पष्ट दिसतं. त्या वर्षी मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वा लाखाच्या वर माणसं सापडली, आणि पुणे जिल्ह्यात जन्मलेली सुमारे 69 हजार. कोकणी चाकरमान्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेलेल्या माणसाच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही. त्याने डबे वाहिले, भाजी बाजारात पाटी उचलली, गोदीत हमाली केली. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये डबे पोचवायची जी व्यवस्था उभी केली, ती पुढे चालवली ती खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यातल्या माणसांनीच. 1911 पर्यंत मुंबईची अवस्था अशी झाली, की तिथे मोजलेल्या दर पाच माणसांतली चार बाहेर जन्मलेली होती.

त्याआधी 1901 चा घोळ झाला, आणि माझ्या मते आपल्या जनगणनेच्या इतिहासातला तो सगळ्यात बोलका घोळ आहे. त्या काळी मोजणी एका रात्रीत व्हायची. जो जिथे झोपला असेल, तो तिथला. 1 मार्च 1901 ची रात्र मुक्रर झाली आणि नेमका त्याच महिन्यांत मुंबईत प्लेगचा जोर. 1896 मध्ये मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, तेव्हापासून दर हिवाळ्यात माणसं वळकटी उचलून गावाकडे पळत होती. 1891 ला 8 लाख 21 हजार असलेली मुंबई 1901 च्या कागदावर 7 लाख 76 हजारांवर आली. त्या मोजणीचं काम एस. एम. एडवर्ड्स यांच्याकडे होतं. शहराच्या इतिहासावरचं त्यांचं 'द राइज ऑफ बॉम्बे' हे पुस्तक म्हणजे याच जनगणना अहवालातला भाग, 1902 मध्ये वेगळा छापलेला. शहर आटल्याचा आकडा आणि शहर कसं वाढलं याची कहाणी एकाच अहवालात! नगरपालिकेला काही तो आकडा पचला नाही. तिने 1906 मध्ये स्वतःची मोजणी केली आणि माणसं भरली 9 लाख 77 हजार 822. पाच वर्षांत दोन लाख बाळं तर जन्मली नव्हती. 1901 च्या त्या रात्री गावी झोपलेली माणसं परत खोलीवर आली होती, एवढंच.

मग ती गावी असताना पुणे जिल्ह्याचा आकडा फुगायला हवा होता. तोही फुगला नाही. 1891 चे 10 लाख 67 हजार 1901 ला 9 लाख 95 हजारांवर घसरले. मधल्या दोन दुष्काळांनी आणि प्लेगने परत आलेल्यांपेक्षा जास्त माणसं खाल्ली.

आता एडवर्ड गेट. आसामचा इतिहास लिहिणारा हा आयसीएस अधिकारी 1911 च्या जनगणनेचा आयुक्त होता. पुढे तो बिहार-ओरिसाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, पण मला त्याच्या कारकिर्दीतली पाच-सात पानंच मोलाची वाटतात. गेटने हिंदुस्थानातल्या स्थलांतराचे पाच प्रकार पाडले: किरकोळ, तात्पुरतं, हंगामी, अर्धं-कायमचं आणि कायमचं. तोवरचे साहेब 'इथला शेतकरी गाव सोडत नाही' यावर समाधान मानत. गेटच्या लक्षात आलं, की तक्त्यातली बहुसंख्य हालचाल कामधंद्यासाठी नाहीच. ती पोरीबाळींची आहे. सोयरीक शेजारच्या गावात होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जिल्ह्याची शीव आड आली, की ती सून आणि तिचं मूल दोघंही कागदावर परमुलखातली ठरतात.

चौथ्या प्रकारात आमचा मुंबईवाला चपखल बसतो. जमीन गावी, बायको गावी, म्हातारपण गावी, मधली तीस-चाळीस वर्षं मात्र दुसरीकडे.

गेटचे पाचही प्रकार बघायचे तर फार फिरावं लागत नाही, वारूळवाडी पुरे. नारायणगावला इतकी चिकटलेली, की नवख्याला एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं हे कळत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी हा पूर्वेचा पट्टा भिजवला. टोमॅटो आला, द्राक्षं आली, साखर कारखाना आला. मग पश्चिमेच्या डोंगरातली महादेव कोळी आणि ठाकर माणसं खुरपणी-तोडणीला खाली उतरू लागली. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या येऊन पालं ठोकतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्राच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या नारायणगावात एवढं तर होणारच. पाण्यासाठी उठलेलीही आहेत. डिंभे धरणाने आंबेगाव हे गावच पोटात घेतलं. तालुका आजही त्याच्याच नावाने चालतो, कचेरी घोडेगावात. त्या बुडालेल्या गावात जन्मलेल्या माणसाने जन्मस्थळाच्या रकान्यात आंबेगावच सांगायचं, नकाशावर तिथे जलाशय असला तरी.

2011 चा जनगणनेचा फॉर्म मी गेटच्या पानांशेजारी ठेवून वाचला. स्थलांतराचं कारण विचारून त्यात सात पर्याय दिलेले: काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत, इतर. पाचवा पर्याय बघितल्यावर मला गेटची आठवण झाली. मामाच्या गावी जन्मलेलं पोर सव्वा महिन्याने कुंची घालून बापाच्या घरी आणलं, की ते पाचव्या क्रमांकाचं स्थलांतरित! त्याची आई चौथ्या क्रमांकाची. तिला सासरी येऊन चाळीस वर्षं होवोत, नातवंडं खेळवत असो, ती देशातल्या 45 कोटी स्थलांतरितांतच मोजली जाते. आणि तिचा नवरा, जो अर्धं आयुष्य मुंबईत काढून पुन्हा गावी नांगर धरतो? त्याच्यासाठी फॉर्ममध्ये एकच ओळ आहे: मागचं राहतं ठिकाण. तीस वर्षांचे हेलपाटे त्या ओळीत मावत नाहीत. दर वर्षी 45 कोटींचा आकडा फेकून अग्रलेख लिहिणाऱ्यांनी त्यातल्या सुना आधी वेगळ्या काढाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

अमेरिकेत या मोजणीवर थेट सत्ता हलते. तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या 435 जागा दर दहा वर्षांनी राज्यांत नव्याने वाटतात. 1920 च्या मोजणीत शहरं जड झाली, तर खेड्यांतल्या प्रतिनिधींनी ते दशक संपेपर्यंत नवी वाटणीच होऊ दिली नाही. 2020 नंतर टेक्ससला दोन जागा मिळाल्या, कॅलिफोर्नियाची इतिहासात प्रथमच एक गेली, आणि न्यूयॉर्कने आपली एक जागा अवघ्या 89 माणसांनी गमावली. आपण 1976 साली 42 वी घटनादुरुस्ती करून राज्यांच्या जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवल्या आणि 2001 मध्ये ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्यांचं भांडण टळलं, पण राज्याच्या आतलं नाही टळलं. मतदारसंघांच्या 2008 च्या फेररचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा 66 वरून 62 झाल्या, त्याचा फारसा गाजावाजाही झाला नाही.

त्याच फेररचनेत आमचा खेड लोकसभा मतदारसंघ पुसला गेला आणि शिरूर जन्माला आला. त्यात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर हे चार ग्रामीण भाग आणि भोसरी-हडपसर हे दोन शहरी. दिल्लीतल्या कुणी नकाशावर रेघ मारली असेल, पण ती रेघ पडली अगदी आमच्या माणसांच्या वाटेवर. मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्यावर आमच्याकडच्यांचा मोहरा मुंबईवरून चाकण-भोसरीकडे वळला. भोसरीच्या कुठल्याही गल्लीत जुन्नर-आंबेगाव-खेडचं माणूस भेटतं. गाव सोडलं, पण खासदार तोच राहिला! सध्याचे खासदार अमोल कोल्हे मूळचे नारायणगावचे, आणि त्यांना मतं मागायला हडपसरच्या सोसायट्या चढाव्या लागतात. मला यात काही वावगं दिसत नाही. उलट गेटच्या चौथ्या प्रकाराला शोभेल असा हा देशातला एक तरी मतदारसंघ आहे. पुढच्या फेररचनेत शहराची माणसं एवढी वाढलेली असतील, की भोसरी-हडपसर बहुधा तुटून वेगळे होतील. तेव्हा भोसरीत खोली आणि गावात वावर असलेल्या माणसाची वाटणी करावी लागेल.

कारण वाढ सगळीकडे सारखी नाही. 2001 ते 2011 मध्ये पुणे जिल्हा 30 टक्क्यांनी फुगून 94 लाखांवर गेला, ठाणे 36 टक्क्यांनी वाढून देशातला सर्वात मोठा जिल्हा झाला. आणि त्याच दहा वर्षांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द मुंबई शहर जिल्हा, तिघेही घटले. जुन्नर चार लाखांच्या उंबऱ्यावर, आंबेगाव दोन लाख छत्तीस हजारांच्या आसपास. हे आकडे आता जुने झाले, कारण 2021 ची मोजणी झालीच नाही. 2020 च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून गावी आलेली माणसं मोजायला कुणी आलं नाही, नाहीतर 1901 सारखा आणखी एक तक्ता आपल्या हाती लागला असता.

आमच्याकडच्या देवळांतल्या संगमरवरी देणगी फलकांवर मात्र ही नोंद चोख असते. वर ग्रामस्थ, खाली मुंबईकर ग्रामस्थ, आता त्याखाली पुणेकर आणि चाकणकर. आकडे पुढे, नावं मागे. कोणत्या वाडीतून किती माणसं कुठे गेली आणि त्यांचं तिथे कसं चाललंय, हे या फलकांवरून जनगणना खात्यापेक्षा लवकर कळतं. त्यात मागचं राहतं ठिकाण विचारलेलं नसतं. वर्गणी दिली की माणूस गावचा.

नवी जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे, या खेपेला मोबाइलवर आणि जातीसकट. आता मोजणी एका रात्रीची नसते. फेब्रुवारीत प्रगणक घरोघर फिरतील, तेव्हा ऊसतोडीची पालं वारूळवाडीच्या शिवारात असतील आणि डबेवाले चर्चगेटला. त्या वर्षी गुढीपाडवा 7 एप्रिलला आहे. त्यानंतर गावोगावच्या यात्रा सुरू होतील, डबेवाले दर वर्षीप्रमाणे आठवडाभर मुंबईचं जेवण बंद ठेवून गावी येतील, आणि तोवर पालं उठून टोळ्या आपल्या गावी गेलेल्या असतील. सरकारने मोजणी सव्वा महिना पुढे ढकलली, तर जुन्नर तालुक्याचा आकडा काय येईल, हे मला फार बघायचं आहे.